‘डोळे झाकून घ्या’ म्हणणाऱ्या साहेबांस

परमआदरणीय विक्रीशिरोमणी साहेब,



आपली आणि आपल्या महिन्याच्या टार्गेटची प्रकृती उत्तम असावी, अशी काळारामाच्या चरणी प्रार्थना. पत्र असं चारचौघांत लिहितो आहे, त्याबद्दल क्षमा असावी. खासगीच पाठवणार होतो. पण गाडीची डिलिव्हरी होईपर्यंत पहिल्या रिंगला उचलला जाणारा आपला फोन डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवसापासून सतत ‘मीटिंगमध्ये’ आहे. एवढ्या मीटिंगा कुंभमेळ्याच्या वर्षी जिल्हाधिकाऱ्यांनाही नसतील.

आपल्या स्मरणासाठी सांगतो. गेल्या पाडव्याला आपण आमच्या घरात दोन पिकअप दिल्यात. एक आमच्या दाजींना. पंचवटीच्या मार्केट यार्डातून पहाटे भाजीपाला उचलायचा आणि सिडको, इंदिरानगर, सातपूर, नाशिकरोडच्या दुकानांना नि खानावळींना पोचवायचा, हा त्यांचा धंदा. गाडी दिवसभर शहरातच. थोडं पुढे गेलं की थांबा, पुन्हा थोडं पुढे, पुन्हा थांबा. दुसरी आमच्या धाकट्या भावाला, नानाला. तो दिंडोरी, कळवण, सुरगाण्याच्या पट्ट्यात शेतावरून माल भरतो. हंगामाप्रमाणे टोमॅटो, कांदा, द्राक्षं. मग पिंपळगाव, लासलगाव, कधी सापुताऱ्यावरून सुरत, कधी कसाऱ्यावरून वाशी.

एका गाडीला डिझेल शोभलं असतं, एकीला सीएनजी. आपण कशातही कसूर केली नाहीत. डिझेलही दिलंत, सीएनजीही दिलंत. फक्त शहरात फिरणाऱ्या दाजींना डिझेल दिलंत आणि डोंगरात फिरणाऱ्या नानाला सीएनजी. त्या दिवशी आपल्या यार्डात या दोनच गाड्या उभ्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणजे आपण गिऱ्हाईक पाहून गाडी दिली नाहीत, गाडी पाहून गिऱ्हाईक निवडलंत. धंद्यातली ही निष्ठा आजकाल दुर्मीळ आहे.

एक खुलासा आधीच करतो. गाड्या कोणत्या कंपनीच्या, हे मी लिहिणार नाही, कारण गाड्यांचा काही दोष नाही. दोन्ही गाड्या गुणी आहेत. सातपूरला महिंद्राचा कारखाना असल्यामुळे नाशिकमध्ये निम्म्या घरांत लाईनवर काम केलेला कोणीतरी असतो. गाड्यांना नावं ठेवली तर घरातच भांडणं लागतात. तेव्हा सगळं श्रेय आपलं एकट्याचं.

प्रथम आपल्या समदृष्टीबद्दल आभार. सकाळी आपण नानाला चहा पाजून, आवाज खाली आणून सांगितलंत, ‘भाऊ, डिझेल बंद होतंय. दोन वर्षांत भंगाराच्या भावात जाईल. गॅस घ्या, डोळे झाकून घ्या.’ आणि दुपारी त्याच खुर्चीवर बसून दाजींना म्हणालात, ‘शेठ, गॅसचं काही खरं नाही. डिझेलला मरण नाही. डोळे झाकून घ्या.’ सर्वांभूती समभाव कीर्तनात ऐकला होता, शोरूममध्ये प्रथमच पाहिला. डोळे मात्र दोघांनाही झाकायला सांगितलेत. त्याचं कारण गाडी घरी आल्यावर उमगलं.

आपल्या भविष्यवाणीला आधार नव्हता, असं मी मुळीच म्हणणार नाही. तरुण कपूर यांच्या समितीने २०२३ साली केंद्राला शिफारस केलीच होती की दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेलच्या चारचाकी बंद कराव्यात. आणि नाशिक शहर २०११ च्या जनगणनेतच पंधरा लाखांच्या घरात होतं. शिफारस म्हणजे आदेश नव्हे, हा किरकोळ तपशील आपण गाळलात. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, हेही आपण नानाला बजावून सांगितलंत. नानाची गाडी दिल्लीला जात नाही, सुरगाण्याला जाते. हा दुसरा किरकोळ तपशील. आणि खरोखरच शहरात डिझेलवर संकट येणार असेल, तर ते आधी येणार दाजींवर, ज्यांना आपण डिझेल दिलंत. पण आपण कुठवर लक्ष ठेवणार? एका माणसाने किती गोष्टी पाहायच्या!

आपण इंजिनाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत, त्याबद्दल विशेष ऋणी आहे. त्यामुळे आम्हाला आडगाव नाक्यावरच्या मिस्त्रींकडे बसून शिकावं लागलं आणि सगळ्यांचं शिक्षण झालं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी लागतच नाही. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती एवढी तापते की फवारलेलं डिझेल आपसूक पेट घेतं. वर टर्बो असला की कमी फेऱ्यांतच जोर येतो. भरलेली गाडी ॲक्सिलरेटर न रेटता उचलते. गॅसचं तसं नाही. त्याला प्लग लागतो, कॉइल लागते. डिझेलच्या इंजिनावर गॅस चालवायचा तर दाब उतरवावा लागतो. शिवाय सिलिंडरमध्ये गॅस स्वतः जागा व्यापतो, तेवढी हवा कमी. म्हणून गॅसची गाडी वाईट नसते, शांत असते. पण खालच्या फेऱ्यांत ती डिझेलसारखी खेचत नाही. मिस्त्रींनी हे चहाच्या एका कपात सांगितलं. आपल्याकडे नानाने तीन कप घेतले होते.

इथे न्यायाने एक गोष्ट आपल्या बाजूने सांगायला हवी. गावातले लोक तुम्हाला ‘कसाऱ्याला गॅस दम टाकतो’ म्हणून बोल लावतात. ते चूक आहे. नाशिकचा माल वाशीला जाताना कसारा घाट उतरतो. वर चढताना गाडीत रिकामे कॅरेट आणि झोपलेला क्लीनर. तिथे ओढीपेक्षा ब्रेकची परीक्षा. आता जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे समृद्धी महामार्ग सुरू झाला, टोल परवडणाऱ्याला तर घाटच लागत नाही. तेव्हा कसाऱ्याबद्दल आपली निर्दोष मुक्तता.

पण साहेब, पिकअपचा खरा घाट डांबरावर नसतोच. तो असतो शेतात. पहाटे पाऊस पडून गेलेला, काळं रान, चाकं रिमपर्यंत चिखलात, हौद्यात थरावर थर टोमॅटोचे कॅरेट आणि बांधावरून रस्त्यावर चढायचा वीतभर उंचवटा. तिथे पहिल्या गिअरमध्ये, जवळजवळ उभ्या गाडीला, जोर लागतो. वणीकडून सापुताऱ्याला चढताना लागतो, चांदवडच्या राहुड घाटात लागतो. ही जागा आपल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये आली नाही, कारण आपली टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीने मुंबई नाक्याला वळसा घालून परत आली. एसी मात्र छान होता, असं नाना अजून सांगतो.

टाकीच्या गणिताबद्दलही आभार मानायला हवेत. आपण म्हणालात, ‘टाक्या मोठ्या आहेत, टेन्शनच नाही.’ मोठ्या आहेतच. फक्त साठ लिटर पाणी मावेल अशा टाकीत, दोनशे बार दाबाने ठासून भरला तरी, गॅस मावतो नऊ-दहा किलो. किलोभर गॅसमध्ये साधारण सव्वा ते दीड लिटर डिझेलएवढी ताकद धरली, तर त्या अख्ख्या टाकीत बारा-तेरा लिटर डिझेलचा ऐवज झाला. आणि ती टाकी लोखंडी, रिकामीच साठ किलोंच्या वर भरते. अशा तीन टाक्या म्हणजे वीस किलोंचे नऊ-दहा कॅरेट गाडी भरायच्या आधीच भरलेले, ज्यांचं भाडं कोणी देत नाही. ते कॅरेट नाना रोज सुरगाण्याहून पिंपळगावला न्यायचा आणि परत आणायचा. सेवाभाव म्हणतात तो हाच.

पंपावर प्रेशर नसलं की त्या टाक्याही अर्ध्याच भरतात. जिथे पाइपलाइन पोचलेली नाही, तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. ते रिकामे होत आले की दाब पडतो, काटा वर सरकायचं नाव घेत नाही, आणि मागे रिक्षांची रांग हॉर्न वाजवू लागते. नानाच्या रोजच्या वाटेवर पंप नाही. तो आहे उलट दिशेला. म्हणजे गॅस भरायला जायला गॅस लागतो. आपण हिशेबाच्या कागदावर ‘किलोमीटरमागे बचत’ लिहिलीत, तेव्हा पंप नानाच्या बांधावर आहे असं धरलं होतंत का? कल्पनाशक्तीला दाद द्यावी लागेल.

आता एका संध्याकाळबद्दल. भरलेली गाडी, टोमॅटोचा हंगाम, पिंपळगावचा लिलाव सुरू झालेला, आणि वणीच्या अलीकडे गॅसचा काटा झोपला. डिझेल संपलं असतं तर कोणीही मोटारसायकलवर पाच लिटरचा कॅन घेऊन आला असता. रस्त्याकडेचा पोरगासुद्धा आणून देतो, वर दहा रुपये मागतो. गॅस कॅनमध्ये येत नाही, साहेब. काही गाड्यांत अडीअडचणीला पाच लिटर पेट्रोलची छोटी टाकी असते. नानाच्या गाडीत ती नाही, कारण गाडीच डिझेलच्या इंजिनावर बेतलेली. हेही आम्हाला तिथेच, मोबाइलच्या उजेडात बॉनेट उघडल्यावर कळलं. शेवटी फोन गेला दाजींना. दाजी आले, दोर बांधला, आणि आपण विकलेल्या डिझेल पिकअपने आपण विकलेली सीएनजी पिकअप ओढत नेली. लिलाव उठला होता. माल दुसऱ्या दिवशी गेला, भाव खाली बसलेला. पण त्या रात्री रस्त्यावर आपल्या शोरूमची दोन स्टिकरं एकामागे एक चालली होती. अशी जाहिरात पैसे मोजूनही मिळत नाही.

दाजींची गाडी मदतीला आली म्हणून ती सुखात होती, असा गैरसमज नसावा. उलट त्या रात्री हायवेला पळाल्यामुळे ती बऱ्याच दिवसांनी खूष झाली. कारण असं आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम आले, आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारी जाळी आली. जाळी भरली की ती काजळी आतच जाळावी लागते. त्यासाठी धूर सहाशे अंशांच्या आसपास तापायला हवा, आणि तो तापतो गाडी सलग, बऱ्या वेगाने, पंधरा-वीस मिनिटं पळाली की. आता दाजींचा दिवस पाहा. पवननगरला थांबा, त्रिमूर्ती चौकात थांबा, मग खानावळीच्या मागच्या बोळात इंजिन चालू ठेवून कोथिंबिरीच्या जुड्या मोजून घ्यायच्या. काजळी साठणार, जळणार कधी?

मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. दाजींनी आपल्याला फोन केला तेव्हा आपण नेमके मीटिंगमध्ये नव्हता, हा योग. आपण म्हणालात, ‘तो दिवा येतो-जातो, लक्ष देऊ नका.’ दाजी आज्ञाधारक. लक्ष दिलं नाही. मग गाडीने स्वतःच वेग आखडता घेतला आणि वर्कशॉपमध्ये लॅपटॉप लावून काजळी जाळून घ्यावी लागली. तिथल्या पोराने सांगितलं, ‘काका, ही गाडी हायवेची आहे, तुम्ही हिला गल्लीत का ठेवलीय?’ हा प्रश्न पाडव्याला आपल्याला सुचला असता तर त्या पोराचं काम गेलं असतं. आपण रोजगार निर्माण करता, साहेब.

त्याहून नवल डिपस्टिकचं. दाजींनी एक दिवस ऑइल पाहायला काडी ओढली, तर ऑइल खुणेच्या वर! आमच्या वडिलांच्या मॅटॅडोरपासून आजवर घरातली प्रत्येक गाडी ऑइल पीत आली. ही गाडी ऑइल घालते. दाजींना वाटलं, लक्ष्मी आली. मिस्त्रींनी काडी बोटांत धरून वास घेतला आणि म्हणाले, ‘डिझेल उतरलंय यात.’ जाळी तापवायला गाडी जादा डिझेल मारते. मध्येच बंद केली की त्यातलं थोडं पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये जातं. ऑइल पातळ होतं, आणि पातळ ऑइलवर इंजिन किती दिवस काढतं हे मिस्त्रींनी हाताने नुसतं खाली दाखवलं.

तेव्हापासून आमचे दाजी रात्री जेवण झालं की गाडी काढायचे आणि रिकामीच ओझरपर्यंत पळवून आणायचे. काजळी जाळायला. आमची ताई म्हणायची, लोकांचे नवरे शतपावलीला जातात, माझा चाळीस किलोमीटरला जातो. त्या डिझेलचा हिशेब आपण लिहून दिलेल्या ‘दाबून ॲव्हरेज’मध्ये धरला आहे का, हे ताईने विचारायला सांगितलं आहे. तिला मीटिंगचं कारण पटत नाही.

एक मेहेरबानी मात्र आपण केली नसतीत तर बरं होतं. डिझेल महाग वाटतं म्हणून दाजींनी कुरकुर केली, तर आपण सुचवलंत, ‘हायवेला स्वस्तात बायोडिझेल म्हणून मिळतं, सगळे टाकतात.’ साहेब, आजच्या इंजेक्टरची भोकं केसाएवढी बारीक, आणि आत हजार बारच्याही वर दाब. जुन्या मॅटॅडोरने रॉकेल पचवलं, ही गाडी पचवणार नाही. चार इंजेक्टर म्हणजे काही महिन्यांचे हप्ते. पण मी हे इंजिनासाठी लिहीत नाही. आपल्याच जिल्ह्यात, मनमाडजवळ पानेवाडीला, २५ जानेवारी २०११ रोजी तेलातली भेसळ पकडायला गेलेल्या अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवण्यांना जिवंत जाळलं होतं. या जिल्ह्यात बसून ‘सगळे टाकतात’ असं म्हणताना आवाज थोडा तरी खाली यायला हवा होता. नानाला डिझेल बंद होणार म्हणून सांगताना आला होता, तेवढा.

असो. पुन्हा आभाराकडे वळतो.

आपल्या पैशांच्या गणिताचं मला कौतुक आहे. आमच्या पिढीने डिझेल घेतलं ते सरकारने भाव धरून ठेवला म्हणून. पेट्रोल २०१० मध्ये मोकळं सोडलं, डिझेल धरून ठेवलं, मधल्या काळात दोघांत एवढी दरी पडली की ज्याला त्याला डिझेलच हवं झालं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळं झालं आणि ती मजा सरली. मग गॅसची पाळी आली. राज्याने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. लोकांनी पेढे वाटले. आणि त्याच वर्षी युक्रेनच्या लढाईने गॅस जगभर महागला. नागपुरात तर त्या वर्षी किलोला एकशेवीस रुपये झाले होते. म्हणजे आजचा फरक पाहून पाच वर्षांचा हप्ता बांधायचा, हे धाडस आपण दुसऱ्याच्या खिशावर सहज करता.

तरी मी आपल्याच पद्धतीने मांडून पाहिलं. समजा, गॅसवर किलोमीटरमागे दीड रुपया वाचतो आणि गॅसची गाडी साठ हजारांनी महाग पडली. मग चाळीस हजार किलोमीटरला बरोबरी. गंमत म्हणजे जास्त पळणाऱ्या नानाची बरोबरी लवकर होते, कमी पळणाऱ्या दाजींची उशिरा. कागदावर आपणच बरोबर ठरता! फक्त कागदावर पंपाचा उलटा फेरा नाही, रांग नाही, वणीच्या अलीकडची ती रात्र नाही, आणि ओझरची ताईने मोजलेली शतपावली नाही. कागद आपल्या शोरूमचाच होता, वर बारीक अक्षरांत ‘अटी लागू’.

टाक्यांची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करून घ्यावी लागते, आणि हे काम नागपूरच्या स्फोटकं-सुरक्षा कार्यालयाने मान्यता दिलेल्या केंद्रातच होतं, हेही आपण सांगायचं विसरलात. बरोबरच आहे. तीन वर्षांनी आपण कुठल्या शोरूममध्ये असाल, कोणी सांगावं.

आणि ‘पासिंगची काळजी करू नका, मागे दोन पाटे वाढवून घ्या, अडीच टन खेचते’ हा सल्ला! पाट्याने गाडी बसत नाही एवढंच. ब्रेक, टायर, एक्सल आणि कायदा तेवढेच राहतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत जादा मालाला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार लिहिले आहेत. पावती आपल्या नावाने फाडायची सोय त्यात ठेवलेली नाही, ही कायद्यातली मोठी उणीव.

आपण जाता जाता अमेरिकेचा दाखला दिलात म्हणून तोही पाहिला. तिकडची अवजड पिकअप म्हणजे सहा-सात लिटरचं इंजिन. साधं पेट्रोलचं घ्यायचं की डिझेलचं, यावर तिथेही जन्मभर वाद चालतात, कारण डिझेलला दहा हजार डॉलरच्या आसपास जादा मोजावे लागतात. त्यातलं एक नामांकित डिझेल इंजिन कमिन्सचं. ती कंपनी १९६२ पासून आपल्या पुण्यात इंजिनं करते आहे. पण तिथला गिऱ्हाईक आधी एक प्रश्न विचारतो: मागे काय बांधणार, आणि ते किती वेळा, कुठे न्यायचं? रोज ट्रेलर ओढणारा डिझेल घेतो, कधीमधी ओढणारा पैसे वाचवतो. आपण नानाला विचारलेला पहिला प्रश्न मला तोंडपाठ आहे: ‘डाउन पेमेंट किती करताय?’ दुसराही: ‘ॲक्सेसरीजमध्ये काय काय घेताय?’ तिसरा प्रश्न झाला नाही, कारण तेवढ्यात हार आला, नारळ आला, आणि ती पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली हातात देऊन आपण फोटो काढलात. तो फोटो नानाच्या घरात लावला आहे. किल्लीएवढी मोठी गाडीची माहिती मिळाली असती, तर भिंत कमी पडली असती.

शेवटी एक आनंदाची बातमी. आपण चुकवलेला मेळ घरच्या घरी बसवला. आता डिझेल नाना चालवतो, गॅस दाजी. दाजी रात्री दहानंतर, रांग सरल्यावर, पंचवटीतल्या पंपावर निवांत टाकी भरतात, गाडीतून खाली उतरून बाजूला उभे राहतात आणि घरी झोपायला जातात. नानाची गाडी काळ्या रानातून खेचते, हायवेला पळते, काजळी आपोआप जळते. सगळे सुखी. फक्त आरसी बुक, विमा आणि फायनान्स अजून उलट्या नावावर आहेत. दाजींच्या गाडीचा हप्ता नानाच्या खात्यातून जातो आणि नानाचा दाजींच्या. महिन्याच्या पाच तारखेला एकाच्या खात्यात पैसे कमी पडले की दोघांच्या बायकांत बोलणं बंद होतं. फायनान्सवाल्यांची ना हरकत मिळाल्याखेरीज आरटीओत नाव बदलत नाही, आणि ना हरकतीसाठी जे साहेब भेटायला हवेत ते आपल्यासारखेच मीटिंगमध्ये असतात. आपल्या दोघांची मीटिंग एकच असेल तर कृपया आमचा विषय तिथे काढावा, ही हात जोडून विनंती.

कळावे, लोभ आहेच, तो आता वाढवू नये.

आपला नम्र,
दोन पिकअपच्या घरचा हिशेबनीस

ता. क. आमचे पेठकडचे मामा इलेक्ट्रिक पिकअप घ्यायचं म्हणत आहेत. त्यांच्या वाडीत दुपारची वीज कधी असते, कधी नसते. त्यांनी आपला नंबर मागितला. आपल्यासारख्या गुणी माणसाचा नंबर नाही कसा म्हणणार? लगेच लिहून दिला. शेवटचे दोन आकडे घाईत इकडचे तिकडे झाले असावेत.